दुर्गाबाईंची सही

ग्वाल्हेरच्या श्रीरंग मिलच्या रीलिंग खात्यात पुरुष म्हणून एकटा मुकादम. बाकी सगळ्या बाया. कताई खात्यातून सूत यायचं, ते फिरत्या चौकटींवर, म्हणजे रीलवर, गुंडाळून त्याच्या लडी बांधायच्या, हे त्यांचं काम. दिवसभर उभं राहून पोटऱ्या दगडासारख्या व्हायच्या. कंपू या पलटणींच्या वस्तीतल्या शिपायांच्या घरच्या मराठी बाया त्यात बऱ्याच होत्या. नवरा महाराजांच्या दरबारच्या पलटणीत आणि बायको मिलमध्ये, ही गोष्ट कोणाला सांगायची चोरी. डोक्यावरून पदर ओढून त्या हजिऱ्याला, मिलपर्यंत, चालत जायच्या आणि मोहल्ल्यात कोणी हटकलं तर आत्याकडे निघाले, मावशीकडे निघाले असं काहीबाही सांगायच्या. दुर्गाबाई वाबळे मात्र सरळ सांगायच्या, मिलमध्ये जाते म्हणून. लपवण्यासारखं त्यात काय आहे, हे त्यांना कधी कळलंच नाही.

अठ्ठेचाळीस सालचा उन्हाळा. शहरात दुसरा विषय नव्हता. दरबारचं राज्य जाऊन मध्यभारत नावाचं नवं राज्य होणार, दप्तरं कुठे जाणार, पलटणींचं काय होणार, हेच जिकडेतिकडे. रीलिंग खात्यात तेव्हा प्यायचं पाणीही नव्हतं. हौद होता तो विणाई खात्याच्या पलीकडे, आणि पाळी चालू असताना जागा सोडायची नाही असा मुकादमाचा हुकूम. सुलोचनाबाई म्हणून एक पोरसवदा बाई होती, विणाईतल्या सूर्याजीची बायको. तिला दिवस गेलेले. दुपारच्या उकाड्यात ती पाण्याला जाऊ का म्हणून दोनदा विचारायला गेली आणि दोनदा परत आली. मग रीलच्या शेजारीच कोसळली. तिला उचलून बाहेर नेलं तेव्हा लुगडं रक्तानं भरलं होतं. मूल गेलं.

मुकादम म्हणाला, "चला, आपापल्या जागेवर."

दुर्गाबाईंनी आपली रील थांबवली. त्यांच्या शेजारी शांताताई उभ्या राहायच्या. दोघी लग्न होऊन एकाच वर्षी कंपूत आल्या होत्या आणि मिलमध्येही एकदमच लागल्या होत्या. शांताताईंनी दुर्गाबाईंकडे पाहिलं आणि आपलीही रील थांबवली. मग एकेक करत सगळं खातं थांबलं. इतकी शांतता त्या खात्यात कोणी कधी ऐकली नव्हती.

मॅनेजरनं दुर्गाबाईंना ऑफिसात बोलावलं. खात्यात पाणी द्या, नाहीतर आम्ही अर्जी करू, असं त्या म्हणाल्या. माणूस गोड बोलायचा. "अर्जी किसके नाम लिखोगी, बाई? दरबार रहा नहीं, नयी सरकार अभी बैठी नहीं."

"तो आपके नाम लिखेंगे," दुर्गाबाई म्हणाल्या. "आप तो हैं."

युनियनची सुरुवात झाली ती तिथून. दुर्गाबाईंना तो शब्दही धड म्हणता यायचा नाही, त्या 'युनेन' म्हणायच्या. पण पाण्याचे माठ दोन दिवसांत खात्यात आले आणि विणाईतल्या पुरुषांनी ते पाहिलं. बायांना मिळतं तर आपल्याला का नाही, असं त्यांना वाटलं असेल. सर्वांत आधी सूर्याजी आला. हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, "दुर्गावहिनी, मला घ्या तुमच्यात."

लिहिणारा माणूस मिळाला तो लक्ष्मीकांत. त्याचे वडील दरबारच्या दप्तरात मोठ्या हुद्द्यावर होते, ते नव्या व्यवस्थेत घरी बसले. मुलगा इंदरगंजात एका वकिलाकडे उमेदवारी करत होता. वकिलाच्या ऑफिसावरची एक खोली त्यानं मिळवून दिली आणि तिथे सतरंजीवर बसून युनियनचे नियम लिहिले गेले. तो वाचून दाखवायचा आणि सगळे माना डोलवायचे. सह्यांच्या कलमाशी आल्यावर मात्र दुर्गाबाईंनी त्याला थांबवलं.

"अध्यक्षाला वाटेल तशी सही करता येईल, असं लिहिलंय का?"

"तसंच काही नाही," लक्ष्मीकांत म्हणाला, "पण अध्यक्षाला थोडा अधिकार असावा लागतो, दुर्गाताई."

"एका माणसाच्या मर्जीवर आम्ही पुष्कळ जगलो. तसं नको. बहुमत म्हणेल त्यावरच अध्यक्षानं सही करायची. आणि बहुमतानं ठरलं की मग नाहीसुद्धा म्हणायचं नाही. लिहा तसं."

त्यानं तसं लिहिलं. अध्यक्ष कोणाला करायचं, याची चर्चासुद्धा झाली नाही.

नवं सरकार हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला बसायचं. मजुरांची गाऱ्हाणी काय ऋतू पाहून येतात? दुर्गाबाई गरज पडेल तेव्हा थर्डक्लासचं तिकीट काढून इंदूर गाठायच्या आणि साहेब भेटेपर्यंत व्हरांड्यात बसून राहायच्या. नवे कायदे आले तसे त्यांनी ते एकेक करून मिलच्या गळी उतरवले. खात्यात पाण्याचे नळ आले. पाळणाघर झालं. बाळंतपणाची पगारी रजा मिळायला लागली, आणि बाळंतीण परत आली की तिची जागा तिला द्यायची, हेही मान्य झालं. एकदा मोठा संप झाला तेव्हा मिलचा भोंगा तीन आठवडे मुका होता. कंपूतल्या ज्या घरांनी दुर्गाबाईंना हळदीकुंकवाला बोलावणं सोडलं होतं, त्याच घरांतून आता बाया त्यांच्याकडे सुनेला मिलमध्ये लावून घ्या म्हणून यायला लागल्या.

घरात मात्र वेगळंच होतं.

दुर्गाबाईंचे यजमान उमाजीराव दरबारच्या पलटणीत हवालदार होते. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या बाजूला गेले तेव्हा एक कान गेला होता. दरबारच्या पलटणी हिंदुस्थानच्या फौजेत घ्यायचं ठरलं, तेव्हा कंपूच्या मैदानावर सगळ्यांची तपासणी झाली. धडधाकट होते ते गेले. उमाजीरावांना घरी पाठवलं. त्यांनी गणवेश ट्रंकेत घातला आणि कित्येक महिने ते ओसरीवर बसून राहिले. बायको मिलमध्ये जाताना त्यांच्यासमोरून जायची, तेव्हा ते दुसरीकडे पाहायचे.

मग एक दिवस मॅनेजरनं त्यांना मिलच्या फाटकावर जमादार म्हणून बोलावलं.

दुर्गाबाई म्हणाल्या, "अहो, ही नोकरी तुम्ही घेऊ नका. तुम्हाला कशासाठी बोलावलंय ते कळत नाही का?"

"कळतं."

"मग?"

"तू त्या मिलचं खातेस ते चालतं, मी खाल्लं तर काय बिघडलं? मला खाकी घालायला मिळेल. बस."

संपात उमाजीराव फाटकाच्या आत काठी घेऊन उभे असायचे आणि दुर्गाबाई बाहेर. घरी आल्यावर दोघं एकाच चुलीवरचं जेवायची आणि मिलबद्दल चकार शब्द काढायची नाहीत. असं कधी ठरवलं नव्हतं, पण ते दोघांनीही पाळलं.

छप्पन साल उजाडलं तेव्हा पुन्हा तीच हवा. मध्यभारत जाणार, नवं मोठं राज्य होणार, राजधानी भोपाळला. शहराच्या लष्कर भागातले लोक चिडले होते, सभा होत होत्या, दुकानदार कपाळाला हात लावून बसले होते. त्याच उन्हाळ्यात श्रीरंग मिलच्या आवारात मोठमोठे लाकडी खोके उतरले. त्यात गुंडाळणीची नवी यंत्रं होती. लडी बांधायची गरजच राहणार नव्हती. रीलिंग खातं बंद करायचं आणि त्यातल्या सगळ्या बाया कमी करायच्या, असा मिलचा विचार होता. शांताताई म्हणाल्या, "पाळणाघर मागितलं, रजा मागितली, ती त्यांना महाग पडली. पुरुष बाळंत होत नाहीत ना."

मिलनं हे एकटं पुढे केलं नाही. त्याबरोबर दुसरं पान जोडलं. विणाई आणि कताईतले सगळे बदली कामगार कायम करायचे. वर्षानुवर्षं जे पुरुष रोज सकाळी फाटकाशी उभे राहून आज काम आहे का म्हणून विचारत होते, त्यांना कायमची जागा. अट एवढीच की युनियननं दोन्हींवर एकदम सही करायची.

इंदरगंजातल्या खोलीत कमिटी बसली. लक्ष्मीकांतानं पुष्कळ विचार केला होता, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"दुर्गाताई, मला हे आवडत नाही," तो म्हणाला. "पण नोव्हेंबरात हे राज्यच राहणार नाही. कोणता कायदा राहील, कोणतं कोर्ट ऐकेल, कोणालाच ठाऊक नाही. आज मिल सही करायला तयार आहे. उद्या असेलच असं नाही. खातं वाचवायला लढलो तर खातंही जाईल आणि बदलीवालेही लटकतील."

"म्हणजे बाया द्यायच्या आणि पुरुष घ्यायचे."

"यंत्रं आली आहेत, ताई. ती काही परत जाणार नाहीत."

"यंत्रावर बाई उभी राहू शकत नाही? शिकवा म्हणावं."

"मी विचारलं. रात्रपाळीला चालवायची आहेत म्हणतात. रात्री बायांना कामावर ठेवता येत नाही, कायदाच आहे. तो कायदा आपणच मागितला होता."

खरं होतं ते. इंदूरच्या व्हरांड्यात बसून त्यांनीच तो मागितला होता.

सूर्याजी आता विणाईचा प्रतिनिधी होता आणि स्वतः बदलीवरच होता. तो इतका वेळ खाली मान घालून बसला होता. आता म्हणाला, "वहिनी, आठ-दहा जणांनी खोलीत बसून हे ठरवू नका. सगळ्यांना विचारा. तुमचाच नियम आहे."

रविवारी मिलमागच्या मोकळ्या मैदानात सभा झाली. दुर्गाबाईंनी आधी बायांच्या बाजूनं सांगितलं. त्यांना भाषण असं कधी करता यायचं नाही, त्या समोरच्या एखाद्या माणसाशी बोलल्यासारखं बोलायच्या. माठ कसे आले, संपात पुरुषांच्या घरी पीठ कोणी पोचवलं, हे सांगितलं. आज आमचं खातं जातंय, उद्या तुमचं जाईल, हेही सांगितलं. लोक ऐकत होते. मग लक्ष्मीकांतानं दुसरी बाजू मांडली, तीही प्रामाणिकपणे, कुणाला न भडकावता.

"जे करार मान्य म्हणतात त्यांनी हात वर करा."

पुरुषांच्या बाजूला पीक उगवावं तसे हात उगवले. दुर्गाबाईंना त्याचं आश्चर्य वाटलं नाही. काही हात त्यांनी चांगले ओळखले. एकाची नोकरी त्यांनी भांडून परत मिळवून दिली होती, एकाच्या मुलीच्या लग्नात त्या करवलीसारख्या राबल्या होत्या. ते लोक त्यांच्याकडे पाहत नव्हते. मग त्यांची नजर बायांच्या घोळक्याकडे गेली. तिथे एक हात वर होता. हिरव्या बांगड्यांचा.

तो सुलोचनाबाईंचा होता.

शांताताईंनी तो हात धरून खाली ओढला. सुलोचनाबाईंनी तो सोडवून घेतला आणि पुन्हा वर केला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात खाली आला नाही.

मोजायची गरजच नव्हती. करार मान्य झाला होता.

सभा उठल्यावर दुर्गाबाई त्यांच्याजवळ गेल्या. रागवायचं म्हणून गेल्या होत्या.

"सुलोचना, तुझीच जागा चालली आहे."

"माहीत आहे, दुर्गाबाई. पण त्यांची पक्की होईल. दहा वर्षं हा माणूस रोज सुबह फाटकावर भीक मागतो. दोघांतलं एकाचं तरी काही पक्कं असू दे आमच्या घरात."

दुर्गाबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि त्या निघून आल्या.

सोमवारी सही करायची होती. नाही म्हणता आलं असतं का, हा प्रश्न पुढे आयुष्यभर त्यांच्या मागे लागला. नाही म्हटलं असतं तर युनियन फुटली असती. मिलनं दुसऱ्या दिवशी आपल्या मर्जीची युनियन उभी केली असती, आणि अध्यक्षानं बहुमत धाब्यावर बसवलं, हे सगळ्यांना सांगितलं असतं. हे सगळं त्यांना कळत होतं. पण कळत असूनही पेन हातात घेतल्यावर तो हात स्वतःचा वाटेना. त्यांनी 'दुर्गाबाई उमाजी वाबळे' असं सावकाश लिहिलं. अक्षर नेहमीपेक्षा बरं आलं.

मॅनेजरनं चहा मागवला. "आपकी जगह तो हम जाने नहीं देंगे, बाई. वेल्फेअर ऑफिस में बैठिए. पंखा है, कुर्सी है."

"आमच्या खात्यातल्या किती बाया बसतील त्या कुर्सीवर?" दुर्गाबाईंनी मराठीतच विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता त्या उठल्या. चहा तसाच राहिला.

नोटीस लागायच्या आत बायांना आपणच सांगायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. जेवणाच्या सुटीत त्या खात्यात गेल्या. बाया डबे उघडून बसल्या होत्या. दुर्गाबाईंनी सांगितलं की सही झाली, महिनाअखेर खातं बंद होईल, आपणही तुमच्याबरोबरच बाहेर पडतोय.

कोणीतरी रडायला लागलं. शांताताई मात्र शांतपणे डबा मिटून उभ्या राहिल्या.

"त्या दिवशी तू रील थांबवलीस, मी तुझ्याकडे बघून थांबवली," त्या म्हणाल्या. "काय म्हणून थांबवतेय, ते मला तेव्हा कळतसुद्धा नव्हतं. तू आहेस म्हणजे बरोबर असणार, एवढंच."

"शांता, बहुमत होतं."

"बहुमत विणाईचं होतं. सही तुझी आहे. तू आमच्यासोबत बाहेर पडतेस, हे काय आमच्यावर उपकार का? विकणाऱ्यानं पैसे घेतले नाहीत म्हणून विकलं नाही असं होतं?"

एवढं बोलून त्या आपल्या रीलकडे गेल्या. उरलेले दिवस दोघी शेजारी शेजारी उभ्या राहून काम करत होत्या. शांताताईंनी एकदाही मान वळवली नाही.

घरी उमाजीरावांना हे कळलंच होतं. फाटकावर सगळं कळतं. त्या संध्याकाळी दुर्गाबाई चुलीपुढे भाकरी थापत होत्या आणि ते उंबऱ्याशी येऊन बसले. मिलबद्दल बोलायचं नाही, हा दोघांमधला रिवाज त्यांनी त्या दिवशी मोडला.

"सही करायला नको होती," ते म्हणाले.

दुर्गाबाईंना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. हा माणूस आपल्याला मिलमध्ये जाताना पाहून तोंड फिरवायचा. "तुम्हाला तर बरं वाटायला हवं. आता घरी बसेन."

"आमची पलटण मोडली ना, तेव्हा कोण राहणार, कोण जाणार, त्या कागदावर आमच्या सुभेदारसाहेबांनी सही केली. महिपतराव सुभेदार. माझ्या वडिलांसारखे. वरून हुकूम होता. त्यांनी सही केली नसती तर दुसऱ्या कोणी केली असती."

"मग त्यांच्याकडे काय इलाज होता?"

"काही नव्हता."

"मग?"

"मी त्यांच्याशी पुन्हा बोललो नाही. वारले तेव्हा खांदा द्यायलाही गेलो नाही. त्यांची चूक नव्हती, हे मला तेव्हाही ठाऊक होतं." उमाजीराव जमिनीकडे पाहत होते. "तुला सांगून ठेवतो. शांतावहिनी बोलणार नाहीत. त्याचा राग धरू नको."

तव्यावरची भाकरी करपली. दुर्गाबाईंनी ती उलटली नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या माणसाला पलटणीचं इतकं लागलं होतं, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. मिलमध्ये कोणाच्या घरी काय दुखतं ते त्यांना पाठ असायचं.

महिना संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगा झाला तेव्हा रीलिंगच्या बाया नेहमीसारख्या फाटकाशी आल्या. कोणी बोलावलं नव्हतं, घोषणा नव्हत्या. पुढे शांताताई होत्या. दुर्गाबाई सगळ्यांच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. पुरुष आत जात होते, तेव्हा बायांनी त्यांना वाट करून दिली. सूर्याजी आत गेला तो अगदी भिंतीला घासून.

आतून हुकूम आला, फाटक लावा.

"उमाजीभाऊजी," शांताताई म्हणाल्या, "उघडं राहू द्या. आम्ही आत येत नाही. नुसतं बघतो."

"हुकूम नाही, वहिनी," उमाजीराव म्हणाले. त्यांनी दोन्ही दारं ओढली, अडसर घातला आणि गजांपलीकडे बायांकडे तोंड करून सावधान उभे राहिले. पाठ फिरवली नाही. ऊन डोक्यावर येईपर्यंत बाया तिथे होत्या, तोवर तेही तसेच उभे होते. मग एकेक बाई निघाली. उमाजीरावांनी नोकरी सोडली नाही. आता घर त्या नोकरीवरच चालायचं होतं.

दुर्गाबाईंनी अध्यक्षपद सोडलं. जी मिलमध्ये नाही तिनं युनियनमध्ये राहू नये, असं त्यांनीच पूर्वी म्हटलं होतं. सूर्याजी अध्यक्ष झाला. इंदरगंजातल्या एका शिंप्याकडे काज-बटणांचं काम त्यांना मिळालं. युनियनची खोली तिथून दिसायची. दुर्गाबाई त्या बाजूला पाठ करून बसायच्या.

नोव्हेंबरात मध्यभारत संपलं. लष्करात कुठे कुठे काळे झेंडे होते. लक्ष्मीकांताला नव्या राज्यात भोपाळला सरकारी नोकरी मिळाली, मजुरांच्याच खात्यात. जायच्या आधी तो कंपूत दुर्गाबाईंच्या पाया पडायला आला.

"ताई, दुसऱ्या मिलचे बदलीवाले अजून लटकलेत. आपले तेवढे कायम झाले. निर्णय बरोबर होता, असं मी आजही म्हणेन."

"मीसुद्धा म्हणेन," दुर्गाबाई म्हणाल्या. "चुकीचा असता तर बरं झालं असतं. माफी मागता आली असती."

लक्ष्मीकांतानं चहाची कपबशी खाली ठेवली. निघताना त्यानं विचारलं, भोपाळला काही लागलं तर कळवाल ना? त्या हो म्हणाल्या.

रीलिंगच्या बाया पांगल्या. कोणी भांडी घासायला लागली, कोणी इमारतीच्या कामावर विटा वाहायला. शांताताई आणि बऱ्याच जणी दालबाजाराच्या मागे एका व्यापाऱ्याच्या गोदामात धान्य निवडायला जायच्या. दुर्गाबाईंना त्या रस्त्यात दिसायच्या. सुरुवातीला दुर्गाबाई थांबायच्या. मग थांबणं सोडलं.

पुढच्या वर्षी होळी होऊन गेल्यावर एका दुपारी शिंप्याच्या दुकानासमोर शांताताई येऊन उभ्या राहिल्या. केसांत, भुवयांत धान्याची धूळ. पायरी चढल्या नाहीत.

"युनियन काढायची आहे," त्या म्हणाल्या. "गोदामातल्या बायांची. त्या शेटनं दोघींना काढलं. एक खोकते म्हणून आणि दुसरी तिच्या बाजूनं बोलली म्हणून. धुळीनं सगळ्याच खोकतायत."

दुर्गाबाईंच्या हातातली सुई थांबली.

"तुला अध्यक्ष व्हायला सांगायला आले नाही," शांताताई पुढे म्हणाल्या. "तुला तर सगळ्या नकोच म्हणतायत. मीच म्हटलं, कागद कसे करतात, कुठे देतात, ते हिलाच माहीत. अध्यक्ष मी होणार."

"हो की. तूच हो."

"उद्या काम सुटल्यावर गोदामाच्या मागे ये. बायांना वाटलं तर बसू देतील."

दुसऱ्या दिवशी दुर्गाबाई गेल्या. मोडक्या पोत्यांवर बाया बसल्या होत्या. सुलोचनाबाईही होत्या, कडेला. कोणी या म्हणालं नाही, जा म्हणालं नाही. दुर्गाबाई मागे भिंतीशी टेकल्या. शांताताईंच्या थोरल्या सुनेला, शालिनीला, लिहितावाचता येत होतं. ती मांडीवर पाटी ठेवून कागदावर नियम उतरवत होती आणि अडलं की मागे पाहायची. दुर्गाबाई सांगायच्या. सह्यांच्या कलमाशी आल्यावर त्या जरा थांबल्या.

"बहुमत म्हणेल तशी अध्यक्षानं सही करायची," त्या म्हणाल्या. "पण ज्यांच्या हातचं काम जाणार असेल, त्यांचं बहुमत वेगळं घ्यायचं. त्या नाही म्हणाल्या तर सही नाही. बाकी सगळे हो म्हणाले तरी नाही."

"आणि त्यामुळे युनियन मोडली तर?" एका बाईनं विचारलं.

"तर मोडेल."

बायांमध्ये कुजबुज झाली. मग शांताताई सुनेला म्हणाल्या, "लिही. आणि खोकल्याचंही एक कलम घाल, नाहीतर हे नियमच लिहीत बसू."

ते कागद दुर्गाबाई स्वतः भोपाळला घेऊन गेल्या. लक्ष्मीकांत त्यांना स्टेशनवर घ्यायला आला होता. युनियनची नोंद झाली. काढलेल्या दोघींपैकी एक कामावर परत गेली. खोकणारी तोवर या जगात राहिली नव्हती. शांताताई पुढे पुष्कळ वर्षं अध्यक्ष होत्या आणि त्या कामात दुर्गाबाईंपेक्षा कडक निघाल्या, असं व्यापारीच म्हणायचे.

कागदाचं काही अडलं की त्या दुकानासमोर येऊन उभ्या राहायच्या. दुर्गाबाई चष्मा पुसून वाचायच्या, काय करायचं ते सांगायच्या. काम झालं की शांताताई 'बरं' म्हणून निघायच्या. कधी मुलाबाळांची चौकशी नाही, कधी तब्येतीची नाही. दुर्गाबाईंनीही कधी केली नाही. उमाजीरावांनी सांगून ठेवलं होतं, तसा त्यांनी राग धरला नाही. त्या फक्त त्या पायरीवर एक गोणपाट अंथरून ठेवायच्या, कोणाला टेकावंसं वाटलंच तर. शांताताई उभ्याउभ्याच बोलायच्या.